धाकट्याच्या वाटची गोळी

आमच्या आईवडिलांचे नाते लग्नाआधीपासूनचे. आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे असे लग्न निषिद्ध मानीत नसत. उलट ओळखीच्या घरातली मुलगी घरात आली म्हणून सर्वांना समाधानच वाटले असणार. त्या लग्नाचा निराळ्या अर्थाने विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती साठी उलटल्यावर, पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेत. समोर बसलेल्या संशोधक बाई कागदावर आमचा वंश रेखाटीत होत्या. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. आईवडिलांना जोडणारी रेघ त्यांनी दुहेरी ओढली.

"ही दुहेरी का?" मी विचारले.

"नात्यातलं लग्न असलं की अशी काढतात," त्या म्हणाल्या. मग खालच्या तीन चौकोनांपैकी दोन त्यांनी पेन्सिलीने भरून काळे केले. थोरल्याचा कोरा ठेवला. तो मी.

आम्ही तिघे भाऊ. मी पाठशाळेत शिकलो आणि पुढे एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. मधला माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो बँकेत होता. बँकेत संगणक आले तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसला. त्याने लग्न केले नाही. धाकटा माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. त्याची मुंज झाली त्याच वर्षी वडील गेले, म्हणून त्याला संध्या मी शिकवली आणि सायकलही मीच. तो खराडीच्या एका काचेच्या इमारतीत संगणकाच्या नोकरीला लागला. त्याची पत्नीही तिकडेच दुसऱ्या कंपनीत. आमची जुनी इमारत बिल्डरने पाडून नवी बांधली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट मिळाले. माझी पत्नी पूर्वीच निवर्तली होती, तेव्हा एकात मी आणि मधला राहू लागलो, दुसऱ्यात धाकटा आणि त्याची पत्नी. घरे दोन असली तरी पंगत एकच, आमच्याकडे.

रोग प्रथम मधल्यात दिसला. बँकेने त्याचाच धनादेश परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. ज्या टेबलाशी बसून त्याने पंचवीस वर्षे इतरांच्या सह्या ताडून पाहिल्या होत्या, त्याच टेबलावरून. तो घरी आला आणि म्हणाला, "मी असतो तरी पास केला नसता." पुढे तो जिन्यात पडू लागला.

धाकट्याचे दोन-तीन वर्षांनी सुरू झाले. कीबोर्डवर एक अक्षर दोनदा उमटे. मग पाय फाकून चालणे, मग जिभेला जडपणा. एका सकाळी कंपनीच्या फाटकावर रखवालदाराने त्याला थांबवून त्याच्या तोंडाचा वास घेतला. संध्या करून, पेलाभर दूध पिऊन निघालेला माणूस तो. मला हे त्याने आठवड्याने सांगितले, तेही सहज सांगावे तसे. "दादा, ड्यूटी होती त्याची. त्याला काय माहीत?" कंपनीने त्याला हलके काम दिले, नंतर त्याहून हलके. शेवटी त्याच्याकडे इतरांच्या कामाचे वर्णन लिहिण्याचे काम राहिले आणि तेही त्याला दिवसभर पुरे.

मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितले की तोल आणि बोलणे सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग दोघांचाही आक्रसत चालला आहे. त्यांनीच आम्हाला संशोधक बाईंकडे धाडले.

बाई चाळिशीच्या. शिक्षक म्हणून मला 'सर' म्हणत. त्यांनी मला जे समजावले ते मी माझ्या बुद्धीप्रमाणे सांगतो. प्रत्येक पेशीत डीएनएचा जो धागा असतो, तो रोज कुठे ना कुठे तुटतो. निरोगी शरीरात तो रोज सांधलाही जातो. माझ्या भावांच्या शरीरात सांधणाऱ्या कारागिराचाच हात अधू होता; नात्यातल्या आईवडिलांकडून तोच दोष दोन्ही बाजूंनी आला होता. इतर पेशी जुन्या झाल्या की त्यांच्या जागी नव्या येतात. मेंदूच्या पेशींना बदली नाही. त्यांच्यात तुटलेले साचत जाते.

मी त्यांना म्हणालो, आमच्याकडे वेदपठणात पदे आधी सरळ म्हणतात, मग जोड्यांनी, मग उलटसुलट गुंफून म्हणतात. एक स्वर हलला तरी पुढच्या फेरीत उघडा पडतो. बाईंना हे फार आवडले. "म्हणजे चूक राहूच शकत नाही?"

"ऐकणारा जागा असेल तर नाही," मी म्हणालो.

तुटलेपणा मोजण्याच्या त्यांच्या रीतीला धूमकेतूचे नाव आहे. रक्तातल्या पेशी काचेवर एका पारदर्शक खळीत बसवायच्या, पेशींची आवरणे विरघळवायची आणि वीज सोडायची. धागा अखंड असेल तर जागच्या जागी राहतो. तुटलेले तुकडे विजेच्या ओढीने वाहत जातात. तुलनेसाठी निरोगी भावाचे रक्त हवे म्हणून माझेही घेतले होते. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर माझ्या पेशी दिसल्या, वाटोळ्या, स्वच्छ, पौर्णिमेच्या चंद्रासारख्या. मग काच बदलली. मधल्याच्या पेशींना फिकट शेपट्या होत्या. पुन्हा काच बदलली. धाकट्याच्याही तशाच, काही तर डोक्याहून लांब.

एका आईच्या पोटचे आम्ही तिघे. मी नेत्रिकेवरून डोळा काढला आणि बाईंना धन्यवाद देण्याचेही मला सुचले नाही. ज्याने पितरांपुढे हात जोडून कृतज्ञ व्हायचे, त्याला आपल्या धडधाकटपणाची लाज वाटली.

काही महिन्यांनी बाईंनी एका गोळीविषयी सांगितले. पेशींवरचा घाव कमी करील अशी आशा असलेली गोळी. मोजक्या रुग्णांना ती वर्षभर द्यायची, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, शेपट्या आखूड होतात का पाहायचे, आणि चालणे-बोलणे मोजायचे. "मी आशा लावत नाही, सर," त्या म्हणाल्या. "रक्त म्हणजे मेंदू नव्हे. रक्तात फरक पडला तरी मेंदूत पडेलच असं नाही. पण इतके दिवस आमच्याकडे द्यायला काहीच नव्हतं."

गोळी पन्नाशीच्या आतल्यांसाठी होती. धाकटा शेहेचाळीस वर्षांचा होता. मधला सत्तावन्न.

मधला म्हणाला, "उत्तम. बँकेने वय झालं म्हणून काढला, आता रोगानेही काढला. सरकारी नोकरी तरी अठ्ठावन्नपर्यंत असते." बाई खाली पाहू लागल्या तेव्हा त्यानेच त्यांना सावरले. "अहो, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. आम्ही पुणेकर. रांगेत उभं राहून 'माल संपला' ऐकायची सवय असते आम्हाला."

संमतिपत्र मी मोठ्याने वाचून दाखवले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जसा ग्रंथ वाचावा. ही गोळी अन्य कुणासही देऊ नये, असे वाक्य त्यात होते. तेही वाचले. धाकट्याने सही केली आणि साक्षीदार म्हणून मी. त्याची पत्नी सकाळी सातला कंपनीच्या बसने जाई, म्हणून गोळ्यांची बाटली आणि रोजची नोंदवही बाईंनी माझ्या हाती दिली. "तुमच्याइतका काटेकोर माणूस मला मिळायचा नाही," त्या म्हणाल्या. परतताना येरवड्याच्या पुलावर रिक्षा बराच वेळ अडकली. धाकटा त्याच्या जड जिभेने म्हणाला, "दादा, एक वर्ष. बोलणं इथंच थांबलं ना, तरी चालेल मला. बाकी जाऊ दे." फोनवर आपले बोलणे पत्नीला कळते, एवढे राहावे, इतकीच त्याची मागणी होती.

आता मी जे केले ते सांगतो.

ज्या घरात मी वाढलो तिथे पंक्तिप्रपंच हे पाप होते. एका पंगतीत बसलेल्यांना निरनिराळे वाढायचे नाही. मीठ वाढले तर सर्वांना, तूप वाढले तर सर्वांना, नसेल तर कुणालाच नाही. वडील एकदा एका यजमानाच्या घरून भरल्या पानावरून उठून आले होते, कारण वैदिकांच्या पानात तूप पडले आणि त्याच ओळीत टोकाला बसलेल्या दोघा उपऱ्या माणसांना वगळले गेले. उपाशी घरी आले आणि तो दिवस त्यांनी पाण्यावर काढला. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. पुढे आयुष्यभर मी वाढपी म्हणून उभा राहिलो की माझी नजर पंगतीच्या टोकाला आधी जाई.

सकाळी पूजा झाली की तिघांना तीर्थ, मग न्याहारी. धाकट्याला गोळी गिळणे अवघड होते. बाईंनी ती कुटून मधातून द्यायला परवानगी दिली होती. पाटावर ते दोघे शेजारी बसलेले. मी धाकट्याच्या तोंडापुढे चमचा धरी आणि मधला तो चमचा जाताना पाहत असे. तो काही मागत नव्हता, नुसता पाहत होता. चौथ्या की पाचव्या दिवशी म्हणाला, "दादा, मला नुसता मध तरी चाटव. पन्नाशी उलटली म्हणून मुंगीपेक्षा हलका झालो का मी?"

धाकटा हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पूजेनंतर मी आईचा अडकित्ता काढला, गोळीचे दोन भाग केले, दोन वाट्यांत कुटले आणि दोन चमचे मधातून दोघांना दिले. मधल्याने विचारले, "यात काय आहे?" मी म्हटले, "घे." त्याने घेतले. वडील गेल्यापासून मी हातावर ठेवलेले तीर्थ त्या दोघांनी कधी तपासून घेतले नव्हते.

नोंदवहीत मी रोज खूण करी: गोळी दिली. ते खोटे नव्हते. असे मी स्वतःला म्हणे. प्रसादाचा कण आणि प्रसादाचा द्रोण यांत भेद नसतो. औषधात असतो, हे मला कळत नव्हते असे नाही. पण ज्याचा चौकोन कोरा राहिला त्याने चमचा हाती घेऊन एका भावाला द्यायचे आणि दुसऱ्याला दाखवायचे, हे माझ्याने होईना. असा सहा महिने मी तो अडकित्ता चालवला.

तीन महिन्यांच्या तपासणीत शेपट्या होत्या तशाच होत्या. बाई म्हणाल्या, थांबू, घाई नको. सहा महिन्यांनी त्यांनी मला एकट्याला बोलावले.

"सर, गोळी चुकते का कधी?"

"एकही दिवस नाही."

"मला तेच वाटलं होतं. तुमची वही पाहिली मी, एक खाडाखोड नाही." त्यांनी समोरचा कागद माझ्याकडे वळवला. "रक्तात औषध जितकं असायला हवं त्याच्या निम्मंच आहे. म्हणजे त्यांच्या आतड्यात ते शोषलं जात नाही. मला दोन मार्ग दिसतात. एक, मात्रा दुप्पट करायची. यकृताला धोका आहे, पण देखरेखीखाली करता येईल. दोन, यांना ही गोळी लागू पडत नाही असं लिहून त्यांना थांबवायचं. मी मात्रा वाढवण्याच्या बाजूने आहे. तुमच्या नोंदी इतक्या स्वच्छ आहेत म्हणूनच मी गोळीवर शंका घेतेय, तुमच्यावर नाही."

खोलीत कुठलेतरी यंत्र सारखे घरघरत होते. एवढा वेळ मी शब्दाला धरून उभा होतो. आता त्या शब्दावर धाकट्याचे यकृत टांगले जात होते. मी सांगितले. अडकित्त्यासकट सर्व सांगितले.

बाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी प्रथम विचारले ते मधल्याविषयी. "त्यांना काही त्रास झाला का? कावीळ, उलट्या? त्यांचं वय, त्यांच्या इतर गोळ्या, मला काहीच माहीत नव्हतं, सर. काही झालं असतं तर?"

हा प्रश्न मला सहा महिन्यांत एकदाही पडला नव्हता.

"काही झालं नाही," मी म्हणालो. "उद्यापासून पूर्ण गोळी धाकट्याला देतो. माझ्याकडून पुन्हा असे होणार नाही. हवी तर शपथ घेतो."

"शपथेचा प्रश्न नाही. आता मला हेच कळत नाही की गोळी अपुरी पडली की गोळीच कामाची नाही. त्यांच्या सहा महिन्यांतून मला काही शिकता येणार नाही, आणि नियमाप्रमाणे त्यांना पुढे ठेवताही येणार नाही. मी समितीला लिहून बघते." मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत." पण त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

संध्याकाळी दोन्ही घरांची माणसे एकत्र बसवून मी सांगितले. आधी कुणाला काही कळेना. मग धाकट्याची पत्नी म्हणाली, "म्हणजे यांना अर्धंच औषध मिळत होतं? पहिल्यापासून?"

"पाचव्या-सहाव्या दिवसापासून."

मधला भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करू लागला. त्याला उठता येईना, म्हणून तो बसूनच बोलला. त्याच्या तोंडून मी असा स्वर त्यापूर्वी ऐकला नव्हता. "मी मागितलं होतं तुझ्याकडे? मध मागितला होता मी. त्याच्या पानातला घास काढून माझ्या पानात वाढलास, आणि मला कळूही दिलं नाहीस. मला कळलं असतं तर मी थुंकलो असतो तो. कुणी सांगितलं होतं तुला सगळ्यांना सारखं करायला? देवाने केलं का सारखं? तुला का सोडला त्याने?"

"आता पुरे," धाकटा त्याला म्हणाला. त्या दोन शब्दांना त्याला खूप वेळ लागला. मग माझ्याकडे वळून, एकेक अक्षर सुटे करीत, "दादा, मला विचारायचं. मी दिली असती त्याला अर्धी. माझी मी."

त्याने दिली असती. मला त्यात शंका नाही. माझ्या हातून काय गेले होते ते मला त्या वाक्याने कळले. त्याची गोळी मी वाटलीच, शिवाय ती देण्याचे पुण्यही त्याच्यापासून काढून घेतले.

त्याच्या पत्नीने बाटली आणि नोंदवही उचलली आणि समोरच्या दारातून आत गेली. दुसऱ्या दिवशी रजा काढून तिने ती स्वतः परत नेऊन दिली.

समितीचे उत्तर दीड महिन्याने आले. नियमात बसत नसल्यामुळे रुग्णास पुन्हा सामावून घेता येत नाही. इतर रुग्णांचे काय झाले, हे मी एकदा बाईंना फोनवर विचारले. त्या म्हणाल्या, ते आत्ता सांगता येणार नाही. पुन्हा विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. चांगले झाले असे ऐकावे तर एक दुःख, काहीच झाले नाही असे ऐकावे तर त्याच्या आड लपण्याची लाज.

मधला पुढच्या वर्षी न्युमोनियाने गेला. अखेरपर्यंत तो माझ्याशी बोलत असे, थट्टाही करी. मात्र माझ्या हातून तीर्थ घेणे त्याने सोडले होते. "पेला इथे ठेव, मी घेतो," म्हणे, आणि निम्मे सांडून उरलेले पीत असे. धाकट्याची नोकरी सुटली. त्याच्या पत्नीने खराडीत, तिच्या कार्यालयाच्या मागच्या रस्त्यावर, भाड्याने घर घेतले, दुपारी येऊन त्याला पाहता यावे म्हणून. निघताना ती पाया पडली. पूर्वी ती मला दादा म्हणे, त्या दिवशी म्हणाली, "आपण येत जा. शनिवारी येत जा."

मी दर शनिवारी जातो. दोन बसगाड्या बदलून, डब्यात काहीतरी मऊ करून घेऊन. तो आता खुर्चीला पट्ट्याने बांधलेला असतो, पडू नये म्हणून. त्याचे बोलणे मला उमगत नाही; त्याच्या पत्नीला अजून थोडे उमगते, असे ती म्हणते. मी त्याला विष्णुसहस्रनाम ऐकवतो, तो डोळे मिटून घेतो. त्याला सांभाळायला दिवसभर एक बाई असतात, यवतमाळकडच्या, नवऱ्याबरोबर कामासाठी पुण्यात आलेल्या. मनाने फार चांगल्या.

पहिल्या शनिवारी मी डबा उघडला, मुगाची पातळ खिचडी चमच्यात घेतली आणि त्याच्या तोंडाशी नेली. त्या स्वयंपाकघरातून लगबगीने आल्या आणि त्यांनी चमचा माझ्या हातातून हलकेच काढून घेतला.

"तुम्ही बसा जी, बाबा. मी भरवतो."

"मला जमते. मी त्याला लहानपणी भरवले आहे."

"तसं नाही जी. ताईनं सांगून ठेवलं हाय, कुणीबी आलं तरी चालंल, पण मोठ्या बाबाच्या हातानं काही द्यायचं नाही म्हून. ठसका लागते ना त्याईले." त्यांनी कारण आपल्या पदरचे जोडले होते, मला बरे वाटावे म्हणून.

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. त्याने त्या बाईंसाठी तोंड उघडले, आणि मी खुर्ची थोडी मागे सरकवून बसलो.